कोबोल सुधारू इच्छिणाऱ्यांसाठी काही नम्र सूचना

कोबोल या हिशेबाच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत काय काय सुधारले पाहिजे याची यादी करण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर पहिले पथ्य असे पाळावे की भाषेचे मानक, म्हणजे तिचे अधिकृत नियम, उघडून पाहू नये. १९५९ साली ही भाषा आखली गेली तेव्हा ती जशी होती तशीच आजही आहे, असे धरून चालावे. त्यानंतर १९६८, १९७४, १९८५, २००२, २०१४ आणि २०२३ अशी मानके निघाली हे कोणी निदर्शनास आणलेच, तर ‘प्रत्यक्ष कामात नवी मानके वापरतो कोण?’ असे विचारावे. याचे उत्तर अनेक ठिकाणी खरोखरच ‘कोणी नाही’ असे असल्यामुळे आपली यादी वर्षानुवर्षे ताजी राहते.

आरंभ रकान्यांपासून करावा, तशी परंपराच आहे. पूर्वी प्रोग्राम छिद्रे पाडून ज्यावर लिहीत त्या पंच कार्डाच्या ८० रकान्यांपैकी पहिले ६ क्रमांकासाठी, ७ वा खुणेसाठी, ८ ते ७२ प्रत्यक्ष कोडसाठी आणि शेवटच्या ८ रकान्यांकडे कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, पाहतच नाही, ही मांडणी कार्डे इतिहासजमा झाली तरी टिकून आहे. त्यामुळे ओळ ७३ व्या रकान्यात घुसली की तिचे शेपूट गुपचूप गळते, आणि उरलेली ओळ व्याकरणात बसत असेल तर आपण दिवसभर भलतीकडेच चूक शोधत राहता. याविरुद्ध अवश्य तक्रार करावी. रकान्यांचे बंधन नसलेली मुक्त मांडणी २००२ च्या मानकात आलेली आहे. परंतु ती वापरायची तर कंपायलरचा एक पर्याय बदलावा लागतो आणि तो बदलण्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागते. त्यापेक्षा नवी भाषा मागणे पुष्कळ सोपे.

पूर्णविरामाचा विषय मात्र सावकाश हाताळावा, कारण खरा रस त्यातच आहे. १९८५ पूर्वी ‘इफ’ने सुरू होणारी अट संपवायला पूर्णविरामच लागे, आणि एकीच्या पोटात दुसरी अशा उघडलेल्या सगळ्या अटी तो एका फटक्यात बंद करी. १९८५ मध्ये एकच अट बंद करणारे ‘एंड-इफ’ आले. आपण असे करावे की जुन्या परिच्छेदात (कोबोलमध्ये नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याला परिच्छेद म्हणतात) नव्या अटी ‘एंड-इफ’ लावून लिहाव्यात, मधले पूर्णविराम काढून टाकावेत आणि पूर्वी कोणीतरी लिहिलेले ‘नेक्स्ट सेंटेन्स’ तेवढे तसेच राहू द्यावे. काही कंपायलर हे मिश्रण चालवून घेतात. ‘नेक्स्ट सेंटेन्स’ आपल्याला ‘एंड-इफ’च्या पुढे नेत नाही, पुढच्या पूर्णविरामाच्या पलीकडे नेते, आणि तो पूर्णविराम आपण नीटनेटकेपणाच्या हौसेने ४० ओळी खाली ढकललेला असल्यामुळे मधले काहीच चालत नाही. आता भाषा जुनाट असल्याचा सात्त्विक संताप व्यक्त करण्यास आपण सर्वार्थाने पात्र ठरता. अशा जागी ‘काही न करता पुढे चला’ एवढेच सांगणारे ‘कंटिन्यू’ लिहिण्याची सोयही १९८५ पासूनच आहे, ही क्षुल्लक बाब त्या संतापाच्या आड येऊ देऊ नये.

स्थानिक व्हेरिएबलची, म्हणजे कोडच्या एकाच तुकड्यापुरत्या मूल्याची, मागणी थोडक्यात उरकावी. ‘वर्किंग-स्टोरेज’ या प्रोग्रामाच्या सामायिक साठ्यातले कोणतेही मूल्य कोणताही परिच्छेद बदलू शकतो आणि ‘परफॉर्म’ने परिच्छेद चालवताना त्याच्या हाती काही देता येत नाही, हे गाऱ्हाणे रास्तच आहे. वेगळा उपप्रोग्राम लिहून त्याला ‘कॉल’ केले तर दोन्ही गोष्टी साधतात, पण मग गाऱ्हाणे उरत नाही.

अंक कापले जाण्याबद्दल बोलताना आवाज खाली ठेवावा. १२३४५ ही संख्या तीन अंकी जागेत ‘मूव्ह’ केली, म्हणजे हलवली, तर तेथे ३४५ उरतात आणि प्रोग्राम अवाक्षर काढत नाही. अंक मावले नाहीत हे पकडणाऱ्या ‘ऑन साइझ एरर’ची सोय आकडेमोडीसाठी आहे, ‘मूव्ह’साठी नाही. येथे निदान इशारा तरी मिळावा, असे आपण म्हणाल. परंतु शेवटचे तीन अंक वेगळे काढण्याची युक्ती म्हणून ज्यांनी हे कापणे मुद्दाम वापरले आहे ते लगेच विरोध करतील, आणि त्यांची बाजू भक्कम आहे, कारण त्यांचा प्रोग्राम चालू आहे. जुने असे सहज सुटत नाही: ‘गो टू’ या उडी मारायला लावणाऱ्या आज्ञेने कोठे जायचे हे प्रोग्राम चालू असतानाच बदलणारे ‘ऑल्टर’ २००२ मध्ये मानकातून गेले, तरी ते निमूटपणे स्वीकारणारे कंपायलर आजही आहेत.

इतके करूनही समाधान झाले नाही, तर सगळा हिशेब आधुनिक भाषेत नव्याने लिहावा आणि रकमांसाठी द्विमान पद्धतीच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ संख्या वापराव्यात. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज कोबोलच्या दशांश गणितात ०.३ येते, तेथे ती ०.३०००००००००००००००४ येईल, म्हणजे आपल्याला आधीपेक्षा अधिक अंक मिळतील.

एक मागणी मात्र यादीत चुकूनही घालू नये. प्रोग्रामाच्या मध्यावर एका विशिष्ट संकेतांकाच्या नोंदी वगळणारी जी अट आहे, ती का आहे, हे कोणतेही मानक सांगू शकणार नाही. त्यासाठी कोड वाचावा लागेल, जुन्या आणि नव्या उत्तरांचा ताळा घ्यावा लागेल, आणि हे काम कोणत्याही समितीच्या गळ्यात मारता येत नाही. फारच वाटले तर निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला निरोप समारंभात हळूच विचारावे. ‘त्याला हात लावू नका,’ असे ते सांगतील. ते वाक्य ७ व्या रकान्यात तारांकन देऊन, म्हणजे कंपायलर वगळील अशी टीप म्हणून, त्या अटीच्या वर लिहून ठेवावे. खाली नाव आणि तारीख घालू नये.