‘चिलर परवडत नसेल तर रीफ ठेवू नका’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सांगलीच्या उन्हाळ्यात रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, जिवंत कोरलचा म्हणजे प्रवाळांचा टँक) पंख्यावर कसा सांभाळायचा, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि रागाने लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईत तुम्ही पंखे लावून पाहिले, पाणी 29 अंशांच्या खाली येईना, शेवटी चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारं यंत्र, घ्यावाच लागला. सांगलीत तर पारा 40 ला टेकतो, तिथे पंखा काय पुरणार? पाणी 26 च्या वर गेलं की कोरल संपलंच. चिलर परवडत नसेल तर गोड्या पाण्यातले मासे पाळावेत, उगाच मुक्या जिवांचे हाल करू नयेत आणि नवख्यांची दिशाभूल तर मुळीच करू नये.

हाल करू नयेत, याबद्दल आपलं दुमत नाहीच. म्हणून तर एवढं लांबलचक उत्तर लिहितोय.

तुमचा मुंबईतला अनुभव खरा आहे आणि माझा सांगलीतल्या विश्रामबागेतलाही. पंख्याच्या वाऱ्याने टँकमधल्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना पाण्यातलीच उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी उडालं की साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता गेली. 200 लिटरच्या टँकमध्ये बाहेरून काहीच उष्णता येत नसती, तर तेवढ्यावर पाणी जवळजवळ 3 अंशांनी उतरलं असतं. पण वाफ किती होणार हे हवा किती कोरडी आहे यावर ठरतं, नुसत्या पाऱ्यावर नाही.

हे घरात करून बघता येतं. साध्या थर्मामीटरच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. पारा उतरत उतरत एका जागी थांबतो. पंखा पाण्याला त्याच्या खाली कधीच नेऊ शकत नाही. टँक त्याच्याही वर दोन-तीन अंश राहतो, कारण पंप, दिवे आणि तापलेली खोली पाण्यात उष्णता ओततच असतात. आता हिशोब बघा. एप्रिलच्या दुपारी सांगलीत 38 अंश आणि आर्द्रता 25 टक्के असेल, तर ओल्या कापसाचा पारा 23 च्या आसपास थांबतो. मुंबईत 33 अंश आणि 65 टक्के असेल, तर तो साडेसत्तावीसच्या खाली जात नाही. तुमची हवा माझ्यापेक्षा पाच अंशांनी थंड, आणि तरी पंखा तुमच्याकडेच हरतो. तासगाव, कवठेमहांकाळकडची बेदाण्याची शेड याच कोरड्या हवेच्या जिवावर चालतात, आणि अवकाळी आला की त्याच शेडमध्ये माल काळा पडायला लागतो. टँकचंही तेच.

म्हणून एप्रिलच्या 40 अंशांनी माझी झोप उडत नाही. वळीव पडून गेल्यावर मात्र मी सावध होतो. हवा 36 अंश आणि आर्द्रता 45 टक्के झाली की ओल्या कापसाचा पारा 26 वर जाऊन बसतो. म्हणजे पंखा दिवसभर फिरला तरी पाणी 28-29 होणार. ऑक्टोबरमध्येही असे दिवस येतात. त्या दिवसांत मी खोलीचा एसी लावतो, आणि लेखात तसं स्पष्ट लिहिलंही आहे. एसी हवा थंड करतो तशी कोरडीही करतो, त्यामुळे पंख्याचाही जोर परत येतो.

26 च्या वर गेलं की कोरल संपलंच, हे मात्र पटत नाही. लक्षद्वीपच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या कड्याआडच्या उथळ समुद्रात, एप्रिल-मे महिन्यांत पाणी 30 च्या आसपास असतं आणि तिथे प्रवाळ वाढतात. तेच प्रवाळ 1998, 2010 आणि 2016 साली पांढरे पडले, कारण पाणी त्यांच्या सवयीच्या कमाल तापमानाच्याही वर गेलं आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहिलं. अंशभर जास्त, पण सलग, एवढंही त्यांना पुरतं. त्यामुळे माझा टँक मी 25 ते 27 मध्ये ठेवतो आणि एका दिवसात एक अंशापेक्षा जास्त हलू देत नाही. बर्फाच्या बाटल्या टाकण्याच्या मी विरोधात आहे तो यासाठीच. तासाभरात दोन अंश खाली आणि संध्याकाळी परत वर, हा मार 28 वर स्थिर राहण्यापेक्षा वाईट.

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि दिवे बंद असताना कोरल व शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे खरी कसोटी पहाटेची असते. क्लाउन मासा रिटर्नच्या (पाणी टँकमध्ये परत सोडणाऱ्या) तोटीखाली, पाण्याच्या अगदी वरच्या थरात येऊन थांबला असेल आणि त्याचे कल्ले भराभर हलत असतील, तर आधी पृष्ठभाग ढवळा, एअर पंप लावा, अंश मग बघा. वीज गेली तर तुमचा चिलर आणि माझा पंखा दोन्ही बंदच, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप दोघांकडेही हवा.

चिलरआधी उष्णतेचा उगम बघावा, असं मी म्हणतो तेही पैसे वाचवण्यासाठी नाही. पाण्यात बुडालेला 40 वॅटचा पंप जवळजवळ सगळी वीज उष्णता म्हणून पाण्यातच सोडतो. ती काढायला दिवसाला सुमारे 1.4 लिटर पाणी उडावं लागतं. तिथे 15 वॅटचा डीसी पंप बसवला की निम्म्याहून जास्त ओझं उतरलं. दिवे दुपारी न लावता संध्याकाळी 6 नंतर लावले की खोलीची आणि दिव्यांची उष्णता एकाच वेळी येत नाही. आणि चिलर उष्णता गिळत नाही, मागच्या बाजूने खोलीत फेकतो. बंद खोलीत तो स्वतःच तापवलेल्या हवेशी झगडत बसतो.

पंख्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. वाफ गोड्या पाण्याची होते, मीठ मागे राहतं. रोज 3 लिटर उडतंय आणि तीन दिवस कुणी भरलंच नाही, तर 200 लिटरमध्ये क्षारता (दर हजार भागांत मीठ किती) 35 वरून साडेछत्तीसच्या वर जाते. म्हणून ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) नसेल तर पंख्याच्या नादी लागू नका, हे मी नवख्यांना बजावून सांगतो. भरायचं पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून जवळजवळ सगळे क्षार काढलेलं हवं. स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये चवीसाठी बऱ्याचदा थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, ते चालत नाही. पंखा कंट्रोलरवर (तापमान बघून चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर) हवा: 26.5 ला सुरू, 26 ला बंद. स्वस्त कंट्रोलरचा सेन्सर अंशभर चुकू शकतो, तेव्हा काचेच्या थर्मामीटरशी एकदा ताडून घ्यावा.

सांगलीतही मी काही जणांना चिलरच घ्या म्हणतो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली टँक असेल, खोलीत एसी नसेल, किंवा टँक इतका छोटा असेल की दुपारच्या दोन तासांत पाणी तापून जाईल, तर पंख्याच्या भरवशावर राहू नये. माझी खोली तळमजल्यावर, उत्तरेकडची आहे, आणि टँकमध्ये झोआ, मशरूम आणि लेदर या जातींचे कोरल, अशी सोशिक मंडळी आहेत.

तुमच्याकडे मे महिन्याच्या नोंदी असतील, म्हणजे खोलीचं तापमान, आर्द्रता आणि पंखा चालू असतानाचं पाण्याचं तापमान, तर जरूर पाठवा. माझ्या नोंदींशेजारी त्या लेखातच टाकतो, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाचकाला पंखा आपल्याकडे कुठे थांबेल हे टँक भरायच्या आधीच कळेल.