‘दर चारांत एक’ या आकड्याच्या पोटात काय असतं

‘दर चार माणसांमागे एकाला मानसिक आजार’ अशी बातमी आली की खाली दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक म्हणतो, ‘जग वेडं होत चाललंय.’ दुसरा म्हणतो, ‘ही सगळी हल्लीची फॅडं, पूर्वी कुठे होतं असलं काही?’ अहवालातलं पद्धतीचं प्रकरण दोघांनीही उघडलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की असा आकडा आधी प्रश्नावलीचा असतो आणि मग लोकांचा. ‘इतक्यांना उपचारच मिळत नाहीत’ हा आकडा तर त्याहून नाजूक, कारण त्यात दोन मोजमापांच्या चुका एकमेकींत मिसळलेल्या असतात.

मुळात घरोघरी जाऊन विचारायचं कशाला, दवाखान्यातल्या नोंदी का पुरत नाहीत? गोल्डबर्ग आणि हक्स्ली या संशोधकांनी १९८० मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासांवरून चाळण्यांचं एक चित्र मांडलं होतं. वर्षभरात दर हजारी सुमारे २५० लोकांना मानसिक त्रास होतो. त्यातले २३० काही ना काही कारणाने आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातात. डॉक्टरच्या लक्षात येतात १४०. मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचतात १७ आणि भरती होतात ६. म्हणजे रुग्णालयात बसून मोजलं तर २५० मधले ६ दिसतात, आणि तेही सगळ्यांत गंभीर किंवा एकाच वेळी दोन-तीन आजार असलेले. त्यांच्याकडे बघून आजाराचं स्वरूप ठरवलं तर प्रत्येक आजार जुनाट आणि गुंतागुंतीचाच वाटणार.

आता मोजायचं कसं? सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे स्क्रीनिंगची छोटी प्रश्नावली. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी घ्या. १० किंवा जास्त गुण आले तर संशय धरायचा. २००१ च्या मूळ अभ्यासात या रेषेला ८८ टक्के आजारी माणसं बरोबर सापडली आणि ८८ टक्के निरोगी माणसं बरोबर वगळली गेली. ऐकायला झकास. पण हीच चाळणी १००० लोकांच्या वस्तीवर लावून बघा, जिथे खरे आजारी ५ टक्के, म्हणजे ५० आहेत. त्यातले ४४ सापडतील. उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणही जाळ्यात येतील. एकूण १५८. बातमी छापली जाईल ‘जवळपास १६ टक्क्यांना नैराश्य’, आणि खरा आकडा त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. यावर दुरुस्ती आहे, आणि ती शाळेच्या गणिताइतकी सोपी आहे: मिळालेल्या ०.१५८ मध्ये ०.८८ मिळवा, १ वजा करा, आलेल्या ०.०३८ ला (०.८८ + ०.८८ − १) म्हणजे ०.७६ ने भागा. ०.०५ परत मिळतात. अट इतकीच की ते ८८ आणि ८८ तुमच्या वस्तीत, तुमच्या भाषेत पुन्हा तपासलेले हवेत. ते काम टाळलं जातं आणि ऑनलाइन फॉर्म भरून घेतलेला आकडा ‘रुग्णसंख्या’ म्हणून फिरत राहतो.

मोठी सर्वेक्षणं म्हणून निदानाची पूर्ण मुलाखत घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या परंपरेतली ‘सिडी’ (CIDI) ही मुलाखत त्यातली सर्वाधिक वापरलेली. प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेला मुलाखतकार प्रश्न शब्दशः वाचतो, स्वतःच्या शब्दांत सांगायला त्याला मनाई असते. यातली एक गंमत बघा. सुरुवातीच्या मुलाखतींमध्ये प्रत्येक आजाराचा मुख्य प्रश्न त्या त्या विभागाच्या तोंडाशी असे. ‘हो’ म्हटलं की मागोमाग वीस-पंचवीस उपप्रश्न. दोन विभाग झाले की माणसाला कळतं, ‘नाही’ म्हटलं की लवकर सुटका. मग शेवटच्या विभागांतले आजार आपोआप ‘कमी’ होतात! १९९० ते १९९२ मधल्या अमेरिकी राष्ट्रीय सर्वेक्षणात संशोधक केसलर यांच्या गटाने सगळे मुख्य प्रश्न उचलून सुरुवातीलाच एकत्र विचारले आणि तपशील नंतर घेतला. पुढे सिडीतही तीच रचना आली. प्रश्नांचा नुसता क्रम बदलला तरी टक्केवारी बदलते, हे एकदा लक्षात आलं की दोन अहवालांची तुलना करताना हात आपोआप थबकतो.

त्याच अमेरिकी सर्वेक्षणात आयुष्यभरात कधी ना कधी आजार झालेल्यांचं प्रमाण ४८ टक्के आलं आणि गदारोळ झाला. बारा महिन्यांचा आकडाही ३० टक्क्यांच्या आसपास होता. २००२ मध्ये हा आणि आधीचा १९८० च्या दशकातला मोठा अभ्यास पुन्हा तपासला गेला. ज्यांनी लक्षणांबद्दल डॉक्टर किंवा तशा व्यावसायिकाला सांगितलं, औषध घेतलं किंवा ज्यांच्या रोजच्या जगण्यात अडथळा आला, तेवढेच धरले. बारा महिन्यांचा आकडा १८.५ वर आला. माणसं तीच, उत्तरंही तीच, फक्त रेघ सरकली.

‘आयुष्यभरात’ या शब्दावर मी फारसा विश्वास ठेवत नाही, आणि कारण संशयवाद्यांना वाटतं त्याच्या उलट आहे. लोक फुगवून सांगत नाहीत, विसरतात. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार जणांना ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा विचारत गेले. ३२ व्या वर्षापर्यंतची बेरीज एकदाच मागे वळून विचारणाऱ्या सर्वेक्षणांच्या साधारण दुप्पट निघाली. म्हणून बारा महिन्यांचा आकडा वाचा आणि आयुष्यभराचा ‘किमान इतका’ म्हणून घ्या.

नमुन्याबद्दल थोडक्यात. घर निवडलं तरी दार उघडणाऱ्याला विचारायचं नसतं. घरातल्या प्रौढांची यादी करून ठरलेल्या तक्त्याने एकच जण निवडायचा. चार प्रौढांच्या घरातल्या माणसाची निवडीची शक्यता एकट्या राहणाऱ्याच्या पाव असते, म्हणून त्याला चौपट भारांक द्यायचा, म्हणजे हिशेबात त्याचं उत्तर चारदा धरायचं. हे विसरलं की एकटे राहणारे जास्त भरतात, आणि नैराश्य त्यांच्यात जास्त असतं. शिवाय रुग्णालयं, तुरुंग आणि रस्त्यावरची माणसं घरांच्या यादीत नसतात. स्किझोफ्रेनियासारख्या आजारासाठी हे भोक फार मोठं आहे. आणि ०.५ टक्के प्रमाणाच्या आजारात ६००० मुलाखतींतून हाती लागतात ३० जण. त्यांतल्या किती जणांना उपचार मिळाले याची टक्केवारी छापणं म्हणजे निव्वळ धाडस.

नेदरलँड्सचं नेमेसिस सर्वेक्षण तुलनेसाठी चांगलं आहे, कारण एकाच संस्थेने ते तीनदा नव्या नमुन्यावर केलं: १९९६ मध्ये ७०७६, २००७ ते २००९ मध्ये ६६४६ आणि २०१९ ते २०२२ मध्ये ६१९४ लोक. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मध्ये बारा महिन्यांचं प्रमाण सुमारे १७ वरून २६ टक्क्यांवर गेलं, आणि महासाथीआधी मुलाखत झालेल्यांतही ते वाढलेलंच होतं. ही वाढ मी गांभीर्याने घेतो. पण तिन्ही फेऱ्यांत होकार देणारे साधारण ७०, मग ६५, मग ५५ टक्के असे घटत गेले, हेही शेजारी लिहून ठेवतो. भारतातल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे प्रौढांमधले १०.६ टक्के मात्र या २६ शेजारी ठेवू नका. तिथे मुलाखतीचं साधन वेगळं आणि छोटं होतं.

आता उपचार. ‘गेल्या बारा महिन्यांत मानसिक त्रासासाठी मदत घेतली का?’ हा एकच प्रश्न विचारणं म्हणजे कमी मोजण्याची हमी. झोपेची गोळी नेहमीच्या डॉक्टरकडून घेणाऱ्याला ती ‘मानसिक’ मदत वाटतच नाही. म्हणून हातात कार्ड द्यायचं: नेहमीचा डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका, धर्मगुरू, वैदू, हेल्पलाइन. एकेकाबद्दल वेगळं विचारायचं. औषधाचं पाकीट आणून दाखवायला सांगायचं. ‘गेलात का’ याचं उत्तर बऱ्यापैकी भरवशाचं मिळतं, ‘किती वेळा’ याचं नाही. दीड वर्षापूर्वीची भेटही ओढून वर्षाच्या आत आणली जाते, म्हणून एखाद्या ठळक तारखेचा खुंटा ठोकून मग विचारायचं. आणि हे प्रश्न सगळ्यांना विचारायचे. निदान झालेल्यांनाच विचारले तर औषधाने बरा राहिलेला माणूस आजाऱ्यांच्या यादीत नाही आणि उपचार घेणाऱ्यांच्याही नाही. उपचार जितके चांगले, तितकी गरज आणि उपचार यांतली दरी मोठी दिसणार!

‘एकदा तरी गेला’ याला उपचार म्हणायचं का, हा पुढचा प्रश्न. २१ देशांतल्या सर्वेक्षणांवर २०१७ मध्ये आलेला नैराश्याचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. पुरेशा उपचाराची व्याख्या अगदी माफक ठेवली होती: निदान महिनाभर औषध आणि डॉक्टरच्या चार भेटी, किंवा समुपदेशनाच्या आठ भेटी. त्या वर्षी नैराश्य असलेल्यांपैकी ५६.७ टक्क्यांना उपचाराची गरज वाटली. त्यांपैकी ७१.१ टक्के कुठेतरी गेले. गेलेल्यांपैकी ४१ टक्क्यांना पुरेसा उपचार मिळाला. गुणाकार करा, १६.५ टक्के. पायरीवर पोचलेल्यांच्या प्रमाणात पाहिलं तर या तीन पायऱ्यांतली सर्वांत मोठी गळती शेवटच्या पायरीवर आहे, म्हणजे माणूस दारात येऊन गेल्यावर. जनजागृतीची पोस्टरं पहिल्या पायरीवर काम करतात. तिसऱ्या पायरीला लागतो पुढच्या भेटीची तारीख देणारा, न आल्यास फोन करणारा, चार आठवड्यांनी गुण पुन्हा मोजणारा माणूस, आणि अंदाजपत्रकात त्याच्यासाठी रकाना क्वचितच असतो.

न जाण्याचं कारण विचारतानाही गफलत होते. २४ देशांच्या आकडेवारीत, गरज पटूनही अडचण सांगणाऱ्यांत सर्वाधिक आलेलं उत्तर होतं ‘माझं मी बघून घेईन’, ६३.८ टक्के. यावरून ‘लोकांनाच नको आहे’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला तो पटत नाही. एका माणसाला अनेक कारणं निवडायची मुभा होती, आणि जवळ सेवाच नसेल तर ‘मी बघून घेईन’ हे मत राहत नाही, नाइलाज होतो. प्रश्नावलीला हा फरक कळत नाही.

म्हणून नव्या सर्वेक्षणासाठी पैसे असतील तर मी आणखी दहा हजार नव्या मुलाखतींऐवजी त्याच लोकांकडे एक आणि तीन वर्षांनी परत जाण्यावर खर्च करीन. पहिल्या भेटीतच पुन्हा संपर्काची संमती आणि दोन नातेवाइकांचे फोन क्रमांक घ्यायचे, दर दहांतल्या एकाची मनोविकारतज्ज्ञाकडून पुन्हा मुलाखत करायची, आणि जे गळाले त्यांची पहिल्या फेरीतली उत्तरं उरलेल्यांशी ताडून बघायची. बहुतेक वेळा गळणाऱ्यांत आजारी जास्त असतात.