वाट पाहीन, पण टाइमआउट लावणार नाही

टाइमआउट लावणं, म्हणजे 'अमुक वेळेत उत्तर आलं नाही तर वाट पाहणं सोड' अशी मुदत प्रोग्रॅमला घालणं, हे संशयी माणसाचं लक्षण. समोरचा सर्व्हर उत्तर देतो म्हणालाय ना? मग देईल. 'वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन' म्हणणाऱ्यांचे आपण वारस. लूपमध्ये (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडमध्ये) ईपोल-वेटला, म्हणजे नेटवर्कवरून काही येईपर्यंत थांबणाऱ्या लिनक्सच्या फंक्शनला, टाइमआउटच्या जागी उणे एक द्या आणि निवांत बसा. उणे एक म्हणजे अनंतकाळ. पायथनमधली, वेबवर विनंत्या पाठवणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी तर इतकी सोशिक, की तुम्ही सांगितल्याशिवाय ती टाइमआउट लावतच नाही.

कोणी फारच डोकं खाल्लं तर उणे एक खोडून शून्य टाका. आता लूप कुणासाठी थांबणार नाही. 'आलं का? आलं का?' करत प्रोसेसरचा एक अख्खा कोर शंभर टक्क्यांवर गरगरेल. पंखा घोंघावला की साहेबांनाही वाटतं, काम जोरात चाललंय.

वेळ मोजायला भिंतीवरचं घड्याळ घ्या, म्हणजे संगणकाची नेहमीची तारीख-वेळ, जी दुरुस्त करताना मागे-पुढे होते. मोनोटॉनिक घड्याळ कधी मागे जात नाही, त्यात कसली आलीय गंमत? 2012 च्या 1 जुलैला आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजता जगाच्या वेळेत एक लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायचा जादा सेकंद) घातला गेला, आणि कितीतरी लिनक्स सर्व्हरवरचे टाइमआउट मुदतीआधीच संपायला लागले. सीपीयू तापले. उतारा काय, तर डेट कमांडने घड्याळाला त्याचीच वेळ पुन्हा लावायची!

मोठ्या मुदतीला तर सेट-टाइमआउटसारखं, म्हणजे ठरल्या वेळाने काम उरकणाऱ्या जावास्क्रिप्टच्या टायमरसारखं, औषध नाही. हे स्वानुभवाचं. आमच्या नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेवेत नवा सभासद आला की 15 दिवसांचा टायमर लागे आणि मग 'तुमची मोफत मुदत संपली' असा मेसेज जाई. (मधे सर्व्हर रीस्टार्ट झाला की टायमर गायब. तेवढे लोक फुकटात वापरत राहिले, पुण्य लागतं.) पुढे मार्केटिंगवाल्यांना मुदत 30 दिवस हवी झाली. एक आकडा तर बदलायचा! मी बदलला आणि जेवायला गेलो. 30 दिवसांचे मिलिसेकंद होतात 2,59,20,00,000. टायमरच्या पोटात मावतात 2,14,74,83,647, म्हणजे पंचवीस दिवससुद्धा नाहीत. त्याहून जास्त दिलं की नोड रुसत नाही, मुकाट्याने एक मिलिसेकंद धरतो. परत येतो तर 'आपलं स्वागत आहे' आणि 'मुदत संपली' हातात हात घालून लोकांच्या मोबाइलवर पोचत होते. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, ओव्हरफ्लोची (आकडा मावत नसल्याची) ताकीद अगदी व्यवस्थित छापलेली होती. पण लॉग काय वाचायला असतो?

पेमेंटसाठी मात्र प्रॉमिस-रेस वापरा, म्हणजे जावास्क्रिप्टमधली 'जो आधी संपेल तो जिंकला' अशी शर्यत. पाच सेकंदांत उत्तर नाही आलं की टाइमआउट जिंकतो, तुम्ही 'पुन्हा प्रयत्न करा' दाखवून मोकळे. हरलेली विनंती रद्द झाली, असं खुशाल समजा. ती तिकडे चालूच असते, सहाव्या सेकंदाला पैसे कापते आणि ग्राहक आज्ञाधारकपणे पुन्हा बटण दाबतो. मग त्याचा फोन येईल. उचलू नका. टेलिफोनवाल्यांनी रिंगला टाइमआउट लावलेला असतो, आपोआप बंद होईल.