अर्ध्या इंचीचा संसार

नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणात, आज किती टक्के पाणी आहे, हे आमच्या छत्रपती संभाजीनगरातलं शेंबडं पोरही सांगतं. लग्नाची बैठक असो की मयतीला जमलेली माणसं, मुलीचं शिक्षण किंवा गेलेल्याचं वय विचारून झालं की गाडी धरणावर येतेच. मग 700 मिलिमीटरची जुनी लाईन, त्यानंतरची 1400ची आणि आता 2500ची नवी. या नव्या पाईपात उंचापुरा माणूस फेटा बांधून ताठ चालत जाईल, हे हात उंचावून दाखवल्याशिवाय कुणी उठत नाही.

एवढी माहिती मुखोद्गत असलेल्या आमच्या घरात मात्र स्वयंपाकघरातल्या नळाला करंगळीएवढी धार यायची. न्हाणीघरात तर तोटीखाली तांब्या लावून आई जपाला बसायची. 108 मण्यांची माळ पूर्ण व्हायची, तांब्याची नाही. आम्ही धरणाला नावं ठेवली, पावसाला ठेवली, पलीकडच्या घरातल्या मोटारीवर तर वर्षानुवर्षं संशय घेतला. त्या घरी मोटारच नाही, हे नंतर कळलं. संशय मात्र अजून गेलेला नाही.

शेजारचे काका सिंचन खात्यातून निवृत्त. धरणाखालच्या कोणत्याही विषयावर बोलायला त्यांना सहसा कमीपणा वाटतो, पण आमची दया आली असावी. म्हणाले, "फाटकाजवळच्या तोटीला बादली लाव, अन् घड्याळ बघ." तिथं बादली भरून वाहायला लागली तेव्हा न्हाणीघरातल्या बादलीचा बूडसुद्धा नीट झाकला नव्हता. म्हणजे पैठणहून पन्नासेक किलोमीटर येणारं पाणी फाटकापर्यंत बिनबोभाट पोचत होतं आणि शेवटच्या चाळीस फुटांत बेपत्ता होत होतं.

"पण काका, नळ बंद करून उघडला की पहिल्या झटक्याला जोर असतो की!"

"असणारच. थांबलेल्या पाण्याचं कुठं काय घासतंय? वाहायला लागलं की घासतं, अन् दाब तिथंच खर्च होतो." मग त्यांनी पेपराच्या कडेला आकडेमोड मांडली. पाईपाचा व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मं होत नाही, जेमतेम सहावा हिस्सा उरतो. उलट, अर्ध्या इंचीच्या जागी पाऊण इंची घातला तर त्याच दाबाला पाणी जवळपास तिप्पट. हे ऐकून बायको म्हणाली, "मग इंचीच घाला ना!" सोनाराच्या दुकानातही ती असंच म्हणते.

आईचा विरोध होता. "तुझ्या वडलांनी उभं राहून टाकून घेतलेला पाईप आहे. लोखंड आहे लोखंड. तुमच्या त्या प्लॅस्टिकाला काय कळतंय?" शिवाय तो पाईप नेमका तुळशीवृंदावनाखालून गेलेला. वृंदावन फोडून पाणी आणण्यापेक्षा निम्म्या तांब्यात अंघोळ करीन, असं तिनं जाहीर केलं.

हा तिढा नळवाल्या चाचांनी सोडवला. जुना पाईप जमिनीतच राहू द्यायचा, दोन्ही टोकं कापून बूच मारायचं आणि नवी लाईन भिंतीच्या कडेनं न्यायची. चाचांनी फाटकाजवळ हॅक्सॉ चालवला, वीतभर तुकडा हातात घेतला आणि आईपुढे धरला. "देखो अम्मा, उजाला दिखता क्या?" बाहेरून पाईप धडधाकट. आत मात्र विटकरी, काळपट खडे एकमेकांना चिकटून बसलेले. मधे उरलेलं भोक वाकडंतिकडं, इतकं बारीक की मी काडेपेटीतली काडी घातली ती मधेच अडकली. चाचांनी तुकडा फरशीवर आपटला तसा मूठभर गंज खाली पडला. पाईप कधी भरलेला, कधी कोरडा. आत आलटून पालटून पाणी आणि हवा. लोखंडाला गंजायला आणखी काय पाहिजे? आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "हे पाणी पिऊन आपण जिवंत कसे?"

काकांना तेवढ्यात मलिक अंबर आठवला. त्यानं सतराव्या शतकात नहर बांधून याच शहरात मातीच्या नळांतून पाणी खेळवलं. मातीला गंज चढत नाही. "म्हणजे खापराचे नळ घालायचे का?" असं बायकोनं विचारल्यावर काका चहा न घेता गेले.

नंतरचा छळ म्हणजे हार्डवेअरचं दुकान. पाईप घेणं सोपं, जीव जातो तो सुट्या भागांत. एल्बो, टी, युनियन, कपलर, क्लॅम्प. चाचा "चार एल्बो लाव" म्हणणार, आणून दिले की "पितल का चूडीवाला होना सर, तोटी कू ये नै चलता" म्हणणार. मी परत गेलो की दुकानदार जेवायला गेलेला. शेवटी तोच मला विचारायला लागला, "सर, बंगला बांधायलाव का?" उन्हात पडणाऱ्या भागावर रंग मारायचा, नाहीतर पाईप कडक होऊन तडकतो, हेही चाचांनी मी रंगाचं दुकान ओलांडून घरी आल्यावरच सांगितलं.

चिकटवलेले जोड वाळायला वेळ हवा होता आणि पाण्याचा दिवस उजाडत होता. चाचा म्हणाले, "कल तक हात नै लगाना." सगळं घर त्या पाईपाकडे बाळंतिणीच्या खोलीकडे बघावं तसं बघत होतं.

पहाटे गल्लीत "आलं, आलं!" झालं. आधी नळातून फुस्स करून हवा निघाली, मग लालसर पाणी आणि मग अशी धार, की न्हाणीघरातल्या जुन्या तोटीची चावी निघून थेट आरशावर गेली. आजवर त्या वॉशरला कुणाला अडवायची वेळच आली नव्हती. आई माळ घेऊन बसली होती, तिच्या चार मण्यांत बादली भरली. "आता जप कधी करू?" म्हणून तीच उलट चिडली.

तोटी बदलली, पण आमची सोय गेली ती गेलीच. ऑफिसला उशीर झाला की "नळाला पाणी नव्हतं" एवढं पुरायचं. पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात जाऊन आले की दुपारची गाडी विचारायचे. आता काकांनी साऱ्या गल्लीत तिप्पट पाण्याचा हिशेब सांगितलाय, आणि गल्लीतून तो परभणीपर्यंत कसा पोचला देव जाणे. परवा आत्याचा फोन आला.

"लई जोरात पाणी यायलंय म्हणं तुझ्याकडं? लेकरांच्या परीक्षा झाल्या की येतो आम्ही. वेरूळबी बघायचं राहिलंय."

"ये ना आत्या. किती दिवस?"

"ते बघू. घरातल्या समद्या गोधड्या घेऊनच येते. तिथंच धुऊन निघतील."