सर्वसाधारण सभेत शहाणं कसं दिसावं

सप्टेंबर म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा महिना. ती ३० सप्टेंबरच्या आत उरकावी असं सहकार कायदाच सांगतो. तुम्ही नुकताच फ्लॅट घेतला असेल, कर्जाचे हप्ते सुरू झाले असतील आणि सोसायटीचं हिशेबपत्रक बघून मनात दोन-चार शंका आल्या असतील, तर चार समजुतीच्या गोष्टी ऐका. शंका येणं हा गुन्हा नाही. ती तोंडावाटे बाहेर पडू देणं हा मात्र शुद्ध गाढवपणा.

सभेच्या १४ दिवस आधी नोटीस येते, सोबत हिशेब येतो. तो वाचू नका. सगळे प्रश्न वाचनातून निर्माण होतात. कागदाची मागची बाजू कोरी असते, तिच्यावर वाणसामानाची यादी उत्तम बसते. नोटिशीत तळाशी छापलेलं असतं की गणसंख्येअभावी, म्हणजे पुरेसे सभासद न जमल्याने, सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल आणि तिला गणसंख्येचं बंधन नसेल. म्हणजे दहाची सभा साडेदहाला. अनुभवी सभासद पावणेअकराला उतरतो आणि पार्किंगमधल्या खांबाआडची खुर्ची पकडतो. तिथून अध्यक्ष दिसत नाहीत, पण चहा दिसतो.

पहिला विषय, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. अजून तीन घरच्या सत्यनारायणाला जायचं असलेल्या भटजींच्या वेगाने चिटणीस ते वाचतात. तुम्ही मान डोलवत राहा. मग विचारतात, "सूचक? अनुमोदक?" बिनधास्त हात वर करा. अनुमोदकाला काही माहीत असावं लागत नाही, फक्त फ्लॅट नंबर पाठ हवा. तुमचं नाव दप्तरी लागतं. कशाच्या खाली लागलं हे कधीतरी पोलीस नाहीतर सहकार खात्याचे उपनिबंधक सांगतीलच.

खरी कसोटी हिशेबाला लागते. 'किरकोळ खर्च' हा आकडा लिफ्टच्या दुरुस्तीपेक्षा मोठा दिसेल. दिसू द्या. सिंकिंग फंड म्हणजे काय हे आपल्या एकट्यालाच माहीत नाही, असं तुम्हाला वाटेल. शेजारच्या खुर्चीतल्या जोशीकाकांनाही स्वतःबद्दल नेमकं हेच वाटत असतं आणि तुमचा गंभीर चेहरा बघून ते गप्प बसलेले असतात. तुम्ही त्यांचा बघून. इमारतीच्या पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी या फंडात जमा करायची असते, एवढीच ती गोष्ट. पण हे विचारलं तर तुम्ही अडाणी ठराल आणि तेही अख्ख्या बी विंगसमोर.

आणखी काही गोष्टींना हात लावू नये. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी जादा आकार घेते. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसावा असा २००१ सालचा सरकारी आदेश आहे, पण आदेशाचं काय घेऊन बसलात! इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे तर चुकूनही विचारू नका. सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने ती सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. तुमच्या सोसायटीला बावीस वर्षं झाली असतील. चार महिन्यांचं काय एवढं, होतील कधीतरी.

प्रत्येक सोसायटीत एक मूर्ख असतोच. आमच्याकडे तो मान पहिल्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे. मागच्या सभेला त्या उठल्या आणि म्हणाल्या, "जुलै-ऑगस्टमध्ये टँकर कशाला लागले?" बस्स, एवढंच. कोणी घड्याळ बघितलं. कोणी म्हणालं, "काकू, हे नंतर ऑफिसात बसून बोलू." खजिनदार दुखावले, "आम्ही इथे बिनपगारी राबतो, वर हा संशय!" संशय हा शब्द काकूंनी उच्चारलाही नव्हता, पण तोवर टाळ्या पडल्या होत्या. मग अध्यक्षांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं, "एवढं कळतंय तर कमिटीवर या ना!" या वाक्यावर भलेभले खाली बसतात. प्रश्न विचारायचा तर आधी पाच वर्षं पंप चालू-बंद करून दाखवा, असा तो न्याय आहे.

काकू बसल्या नाहीत. "येईन. पण टँकर कशाला?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. टँकर येत होते, पावत्या येत होत्या, चेक फाटत होते. शेवटी वॉचमनला बोलावलं. तो म्हणाला, वरच्या टाकीचा बॉलकॉक तुटलाय, रात्री पंप लागला की पाणी गच्चीवरून वाहून जातं, सकाळी खालची टाकी रिकामी. कधीपासून? होळीपासून. मग सांगितलं का नाहीस? "कोणी विचारलंच नाही, साहेब."

बॉलकॉक बदलला. टँकर बंद झाले. मेंटेनन्सचं बिल सगळ्यांचं उतरलं, टाळ्या वाजवणाऱ्यांचंही. इतिवृत्तात नोंद झाली : पाणीप्रश्नावर सविस्तर चर्चा होऊन कमिटीचे अभिनंदन करण्यात आले. सर्वानुमते मंजूर. अनुमोदक मीच होतो.

तेव्हा निर्धास्त राहा, गप्प बसून तुमचं काही बिघडत नाही. एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा. काकूंचा मुलगा पुण्याला असतो आणि त्यांना कायमचं तिकडे बोलावतोय म्हणे. त्या खरंच फ्लॅट विकणार आहेत का, तेवढं कोणीतरी विचारून घ्या. मी विचारलं असतं, पण बरं दिसत नाही.