आधी ती खोली पुतण्याच्या नावावर करू नका

सध्या फिरणारा एक मेसेज असा आहे: मतिमंद मूल 18 चं झालं की आईवडिलांचा हक्क संपतो. पालकत्व फक्त हायकोर्टात मिळतं, खर्च लाखाच्या घरात. तुमच्यामागे पालक नेमला की घर त्याचंच होतं, म्हणून आत्ताच विश्वासातल्या नातेवाइकाला देऊन टाका. परवडत नसेल तर मुलाकडून मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून घ्या, आम्ही करून देतो. खाली मोबाइल नंबर, पुढे हात जोडलेले.

फिरत फिरत तो कळव्याच्या मावशीकडे पोचला. पोळ्या लाटून घर चालवणारी बाई, मुलगा 22 चा, बौद्धिक दिव्यांग. राहती खोली पुतण्याला द्यायचं मनात घेऊन तिने मला विचारलं, "बक्षीसपत्राला किती खर्च येतो गं?" म्हणून हे लिहिणं आलं.

18 चा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करते. वयात आल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, बँकेत ते कळतंच. पण म्हणून कुणी पोरगं उचलून नेत नाही. कागद करून घ्यायचा, एवढंच.

तो कागद हायकोर्टातच होतो, ही शुद्ध थाप. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीच आहे. त्यात पालक नेमायला स्थानिक स्तरीय समिती असते: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. अर्ज आईवडील किंवा नातेवाईक करू शकतात, वकील लावायची अट नाही. कळवा ठाणे जिल्ह्यात, आणि ठाण्याचं जिल्हाधिकारी कार्यालय कोर्ट नाक्यावर आहे. ऐरोली, वाशी, बेलापूरचा जिल्हाही ठाणेच. खारघर-पनवेलवाल्यांनी मात्र पत्त्यात नवी मुंबई आहे म्हणून ठाण्याला धावू नये, त्यांचा जिल्हा रायगड.

आता खोली. इथे माझं डोकं फिरलं. पालक म्हणजे मालक नव्हे. याच कायद्याचं कलम 16 वाचा: नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत पालकाने त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची, येणं-देणंसुद्धा. मग दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब, किती आले, किती गेले, शिल्लक काय. कलम 17 प्रमाणे पालक छळ करत असेल, हेळसांड करत असेल किंवा पैसे खात असेल तर त्याला काढायचा अर्ज करता येतो. आणि बक्षीसपत्र? नोंदणी झाली की खोली पुतण्याची. त्याला ना यादी, ना हिशेब. उद्या त्याने ती विकून बदलापूरला फ्लॅट घेतला तर मावशीचा मुलगा कुणाच्या दारात उभा राहणार? ज्या भीतीपोटी खोली द्यायला सांगतात, तीच खरी करायची ही युक्ती आहे. खोली मुलाच्या नावावर राहू शकते. मालमत्ता बाळगायचा आणि वारशाने मिळवायचा हक्क 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला इतरांइतकाच दिलाय. मृत्युपत्र करा, खोली त्यालाच ठेवा आणि पालक रीतसर नेमून घ्या.

मुखत्यारपत्राचं तर बोलूच नये. देणाऱ्याला त्याचा अर्थ कळावा लागतो. कळत नसेल तर नोटरीने शिक्क्यांची रांग लावली तरी तो कागद कुचकामी. आणि देणाऱ्याचं मानसिक भान नंतर गेलं, तरी करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे ते संपतं. म्हाताऱ्या वडिलांचं मुखत्यारपत्र खिशात घालून निश्चिंत बसलेल्यांनी हे वाचावं.

एक गोष्ट मेसेजवाल्याला द्यावी लागेल. डिमेन्शिया किंवा कोमातल्या माणसासाठी या समितीचा उपयोग नाही. तिथे खरंच बहुतेकांना हायकोर्टाची पायरी चढावी लागते आणि ते गरिबाला जड जातं. पण मेसेज त्यांच्याबद्दल नव्हताच.

आणि वकील लागलाच तर त्या मोबाइल नंबरवर फोन कशाला? 1987 च्या विधी सेवा कायद्यात दिव्यांग व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला मोफत वकील आहे, उत्पन्नाची अट न लावता. मावशी आणि तिचा मुलगा, दोघंही त्यात बसतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, नाहीतर 15100 लावा.