संपलं का गाणं?

आमच्या घरात गाणं कधी संपतं याचा नियम ठरलेला आहे. गाणारा गप्प झाला की संपलं. त्यापुढे जे चालू राहतं त्याला बायको 'नुसतं वाजतंय' म्हणते. आणि नुसती वाजणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे कुकर, टाकी भरल्याचा भोंगा आणि मी, वेळच्या वेळी बंद करायची असते.

ईगल्स या अमेरिकी बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' घ्या. १९७६ च्या अल्बममधलं हे साडेसहा मिनिटांचं गाणं. शब्द संपल्यावर डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या गिटारी आधी आळीपाळीनं बोलतात, मग जोडीनं चालू लागतात, आणि हे साधारण दोन मिनिटं चालतं. त्या कुठवर जातात ते मी लग्नानंतर घरात एकदाही ऐकलेलं नाही. "शब्द संपले ना रे?" म्हणत कणकेनं माखलेलं एक बोट माझ्या फोनवर येतं.

माझी खोड अशी की मला गाण्यांचे शेवट आवडतात. लोक मुखडा गुणगुणतात, मी शेवट गुणगुणतो. त्यामुळे मी काय गुणगुणतोय हे आजवर कोणालाही ओळखता आलेलं नाही.

आवाज हळूहळू विरत जाऊन संपण्याची युक्ती तशी जुनी. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टची 'द प्लॅनेट्स' ही ग्रहांवरची वाद्यवृंदाची रचना १९१८ साली लंडनमध्ये पहिल्यांदा वाजली. तिच्या शेवटच्या, नेपच्यूनच्या भागात बायकांचा कोरस शेजारच्या खोलीत बसवायचा, आणि शेवटी त्या खोलीचं दार सावकाश, आवाज न करता लावून घ्यायचं, असं त्यानं चक्क स्वरलेखनात लिहून ठेवलंय. माझं गाणं सुरू झालं की आमच्याकडेही दार लावून घेतात. फक्त सावकाश नाही, आणि आवाज न करता तर नाहीच.

बरं, घरचे अडाणी म्हणावं, तर सवाईला, म्हणजे पुण्याच्या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, येणारे तरी दर्दी ना? भारतीय बैठकीत तासन् तास मांडी घालून, प्रत्येक समेला मान हलवणारी ही माणसं. शेवटची भैरवी सुरू झाली की त्यातल्या निम्म्यांना एकदम गाडी आठवते. महोत्सवाची सांगता खुद्द सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लावून करायची प्रथा आहे. ज्यांच्या नावानं १९५३ पासून हा सगळा घाट घातला, ते स्वतः गात असतात, आणि मागून ऐकू येतं, "अहो, किल्ली तुमच्याकडे आहे की माझ्याकडे?" (खोटं कशाला बोलू, एका वर्षी माझी स्कूटर सगळ्यात आतल्या रांगेत अडकली होती. त्या वर्षीची भैरवी मीही पार्किंगमधून ऐकली. लांबून छान लागली होती.)

पुण्यात शेवटाला मान आहे तो एका आरतीत. 'सुखकर्ता'ला अर्धी सोसायटी अजून चपला काढत असते. पण 'घालीन लोटांगण' आलं की टाळ्यांची लय दुप्पट होते आणि जिन्यात अडकलेला माणूससुद्धा जिन्यातच स्वतःभोवती गिरकी घेतो. बीटल्सना ही गंमत १९६८ साली कळली. 'हे ज्यूड' सात मिनिटांचं, त्यातली शेवटची चारेक मिनिटं 'ना ना ना'ची आरतीच. त्यासाठी आणलेल्या वादकांना दुप्पट पैसे देऊन टाळ्या वाजवायला आणि गायला लावलं. एक जण मात्र 'हे माझं काम नाही' म्हणून निघून गेला. माझी खात्री आहे, त्याची गाडी आत अडकलेली असणार.

पण माझा खरा जीव आहे तो याच मंडळींच्या १९६७ च्या 'अ डे इन द लाइफ'च्या शेवटात. तीन पियानोंवर एकाच क्षणी एकच स्वरमेळ आपटला, सोबत त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन हार्मोनियमवर, आणि तो नाद चाळीस सेकंदांहून जास्त वेळ विरू दिला. नाद जसा खाली जाईल तशी ध्वनिमुद्रणाची पातळी वर चढवत नेली. इतकी, की शेवटी स्टुडिओतली एक खुर्ची करकरल्याचं ऐकू येतं. मला ती खुर्ची ऐकायची होती. बाकी काही नाही.

गेल्या रविवारी बायको आणि लेक लक्ष्मी रोडला गेल्या. पहिल्या प्रयत्नात नाद विरायला लागला आणि कुरियरवाला आला. दुसऱ्यांदा आईनं हाक मारली, "काही लागलंय का रे? केवढ्यांदा आपटलं!" मग मी आईला समजावलं, बेलचं बटण बंद केलं, पंखा बंद केला, आणि हॉलमध्ये पेपर वाचणाऱ्या बाबांना हात जोडले. चाळीस सेकंद, बाबा. फक्त चाळीस. पान उलटू नका.

स्वरमेळ आदळला. विरत गेला. दहा सेकंद, वीस, तीस. मी स्पीकरला कान लावून ओणवा. आणि अगदी शेवटाला, स्पष्ट, "कर्रर्र."

अंगावर काटा आला! मग शंका आली.

"बाबा, तुम्ही आत्ता हललात?"

"छे! तू सांगितलंस तसा श्वास धरून बसलोय. संपलं का?"

त्या तबकडीवर यानंतर कुत्र्यांसाठी म्हणून घातलेली एक बारीक शिट्टी आहे, माझ्या वयाच्या कानांच्या पलीकडची. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी भुंकलं. आणि तिच्या मागोमाग स्पीकरमधून माणसांची एक असंबद्ध बडबड सुरू झाली.

"हे बघ," बाबा पेपरचं पान जागच्या जागी धरून म्हणाले, "शब्द आले परत. म्हणजे आहे अजून."